कुंकवाखालचा नंबर

मला आजवर फारसं काही निवडावं लागलेलं नाही. आश्रमशाळा वडिलांनी निवडली, कारण तिथे दोन वेळचं जेवण मिळायचं. अकरावीला सायन्स घे असं शाळेतल्या सरांनी सांगितलं आणि मी घेतलं. बीएस्सीला कॉम्प्युटर हा विषय मिळाला, कारण मी तोरणमाळच्या पायथ्याहून शहाद्याला पोहोचेपर्यंत बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. ही तक्रार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे पुढे जे दार उघडं दिसलं त्यातून मी आत गेलो, एवढंच.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात भाऊ जेव्हा म्हणाले, "तू निवड, तुले समजस," तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त थकल्यासारखं झालं.

भाऊ म्हणजे मी जिथे काम करतो त्या फोटो स्टुडिओचे मालक. स्टुडिओ शहाद्यात एसटी स्टँडपासून थोडा आत आहे. पूर्वी तिथे पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम व्हायचे, आता मुख्य काम लग्नाच्या व्हिडिओचं. शूटिंग करणारे एक दादा आहेत. ते भाऊंचे लहानपणचे मित्र. शूटिंग झालं की व्हिडिओ जोडणं, गाणी भरणं, नावं टाकणं हे मिक्सिंगचं काम माझ्याकडे. त्या बदल्यात थोडा पगार आणि मागची खोली. ही खोली म्हणजे जुनी डार्करूम. भाऊंचे वडील तिथे फोटो धुवायचे. खोलीला खिडकी नाही, पण नळ आणि मोरी आहे. त्या वर्षी मला हॉस्टेलला जागा मिळाली नव्हती, आणि गावाहून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. ही खोली होती म्हणून माझं शेवटचं वर्ष चालू होतं.

आता मशीनचं सांगतो. आमच्याकडे कॉम्प्युटरला मशीनच म्हणतात. त्यात एक मोठं ग्राफिक्स कार्ड आहे, सुरतेहून जुनं आणलेलं. पूर्ण व्हिडिओ तयार करून फाइलमध्ये उतरवण्याचं जड काम हे कार्ड करतं. इतर गावांत लग्नाचा व्हिडिओ किती वेळाचा असतो मला माहीत नाही. आमच्याकडे तो लांब असतो आणि त्याचं कारण आहेर. लग्नात माइकवरून नाव पुकारलं जातं, माणूस पुढे येतो, नवरा-नवरीच्या हातात कपडे नाहीतर भांडं ठेवतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि खाली उतरतो. असे शेकडो लोक. त्यातलं कुणीही कापायचं नाही हा स्टुडिओचा नियम. भाऊंच्या वडिलांनी घालून दिलेला, आणि त्यात चुकीचं काही नाही, कारण घरोघरी लोक व्हिडिओ बघतात तेव्हा नवरीपेक्षा स्वतःला शोधतात. पण त्यामुळे एकेका लग्नाची फाइल बनवताना कार्डाला तासन्‌तास विश्रांती नसते. वैशाखात आमच्याकडे भिंतीसुद्धा हात लावू देत नाहीत. दुपारी कार्ड इतकं तापायचं की स्क्रीन काळी पडायची आणि केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून.

एका दुपारी तिसऱ्यांदा स्क्रीन गेली, तेव्हा भाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"इंजिनेर, हाई मशीन आते मरी ऱ्हायनी."

"भाऊ, मी इंजिनेर नही शे. बीएस्सीले शे."

"एकच ते. ते पानीवालं काय तरी येस म्हने ना? ते बसाडी टाकू. तू निवड, तुले समजस."

मग कान खाजवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हाऊ सीझन मशीन चालनी त चालनी. नही त समदं काम सुरतले धाडी दिसू. मंग मांगली खोलीमा मानूस कसाले ठेवना, तूच सांग."

त्यांनी धमकी दिली नव्हती. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांना खरंच माझं मत हवं होतं.

'पाणीवालं' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कार्डावरचा पंखा काढायचा आणि त्या जागी तांब्याचा एक सपाट ठोकळा बसवायचा. त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. ठोकळ्याच्या आत केसाएवढ्या बारीक नाल्या असतात, त्यांतून पाणी फिरतं, चिपची उष्णता घेतं, नळीने बाहेरच्या जाळीत जातं, तिथे पंख्याने गार होतं आणि परत येतं. पंप, जाळी, नळ्या हे कुठलंही थोडंफार चालतं. ब्लॉक मात्र त्या कार्डासाठीच बनवलेला लागतो.

दादांना हे पटलं नाही. "पानी आनि लाईट एकच डबामा? तुले बीएस्सीमा पास कोनी करं रे?"

भाऊंना मात्र पटलं, पण भलत्याच कारणाने. आमच्याकडे पाण्याचा गारवा म्हटलं की कूलर, ओल्या गवताच्या जाळीतून वारा फेकणारा. त्यांना वाटलं मशीनच्या आत तसंच काहीतरी होणार. मी सांगितलं की बंद नळीतलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि आपली खोली तर भट्टीच आहे.

"मंग कसाले लेवाना?"

"पंख्यापेक्षा उष्णता लवकर बाहेर जास म्हनीसन."

"बरफ टाक ना मंग," दादा म्हणाले. "लस्सीवालाकडथून लई येऊ का?"

त्यांच्या हसण्यात मीही हसलो. खरं तर मलाही खात्री नव्हती. मी जे काही वाचत होतो ते इंग्रजीत होतं, आणि माझं इंग्रजी एकेक वाक्य दोनदा वाचण्याचं आहे. जे व्हिडिओ बघत होतो त्यांतले लोक थंड देशांतले. एकजण स्वेटर घालून सांगत होता की ब्लॉक लावल्यावर कार्ड किती गार राहिलं. त्याच्या प्रत्येक आकड्यात मी मनातल्या मनात शहाद्याचा उन्हाळा मिसळत होतो.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. आई-वडील गुजरातेतून ऊसतोड संपवून गावी परतले होते. आईशी मी पावरीत, आमच्या घरच्या बोलीत बोलतो, इथे मराठीत लिहितो. तिने विचारलं काय चाललंय. मी म्हणालो, मशीन गरम होतेय, तिच्यासाठी एक वस्तू निवडायची आहे.

"ताप आलाय का तिला?"

"तसंच म्हण."

"मग ओलं फडकं ठेवा."

मी म्हणालो, तसलीच वस्तू आहे ती, आतून पाणी फिरतं. तिने विचारलं, किती पाणी लागतं? मी म्हणालो तांब्याभर, आणि तेच पाणी फिरत राहतं.

"वर्षभर तेच?"

"हो, जवळजवळ."

उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर पाण्यासाठी खाली झिऱ्यावर उतरावं लागतं. आई म्हणाली, "बरं आहे," आणि विचारलं, जेवतोस का वेळेवर.

हळूहळू मला ब्लॉकबद्दल कळू लागलं. तांबं उघडं असलं तर काळं पडतं, म्हणून त्यावर निकेलचा मुलामा असलेला घ्यावा. वरचं झाकण पारदर्शक असेल तर आत क्षार साचलेले दिसतात, म्हणून तसं घ्यावं. आमच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यालासुद्धा पांढरा थर येतो, तेव्हा नळाचं पाणी घालायचंच नाही, रिक्षावाले घेतात ते बॅटरीचं पाणी घालायचं. जाळी ॲल्युमिनियमची नको, नाहीतर तांब्याशी मिळून ती आतून खाल्ली जाते. हे सगळं मला जमण्यासारखं होतं. अडलं ते एका साध्या गोष्टीवर.

एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या पाटीवर बनतं. पाटी म्हणजे आतला तो हिरवा किंवा काळा बोर्ड ज्यावर सगळं जोडलेलं असतं. आमच्या कार्डाच्या दोन पाट्या निघाल्या होत्या, एक आधीची, एक नंतरची. बाहेरून दोन्ही सारख्या. फरक कळतो तो कार्डाच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदी स्टिकरवरून, तिथल्या लांब नंबरच्या शेवटच्या अक्षरावरून. आणि आमच्या कार्डावर नेमकं ते शेवटचं अक्षर कुंकवाखाली होतं.

हे कसं झालं ते मी पाहिलं होतं. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते. शेतात नांगर-विळ्याची, गॅरेजात पान्यांची, स्टुडिओत कॅमेऱ्यांची. आदल्या दसऱ्याला भाऊंच्या वडिलांना, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना बाबा म्हणायचो त्यांना, घरून खुर्चीत बसवून आणलं होतं. वाटीत कुंकू कालवलेलं होतं. त्यांनी अंगठा बुडवून कॅमेऱ्यांना लावलं, प्रिंटरला लावलं, मग भाऊंनी मशीन दाखवली. तिचं बाजूचं झाकण गरमीमुळे कायम उघडंच असतं. बाबांनी आत वाकून सगळ्यांत मोठी वस्तू दिसली तिच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि जरा दाबून धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हाऊ बी आपली मशीनच शे, ये अठे." माझ्याही कपाळाला लावलं. सगळे हसले. थंडीत बाबा गेले.

कॅमेऱ्यांवरचं कुंकू हाताळून हाताळून निघून गेलं. कार्डावरचं राहिलं, कारण तिथे कुणाचा हात जात नाही. कागदात ते पूर्ण मुरलं होतं. मी मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिला, फोटो काढून मोठा करून पाहिला. लाल रंगात रेघांचा गोळा दिसायचा, अक्षर नाही. ओल्या कापसाने पुसलं असतं तर कदाचित दिसलं असतं, कदाचित कुंकवाबरोबर शाईही गेली असती. एकदा मी कापूस ओला करून हातात घेतला होता. परत ठेवला. ज्याने ते बोट लावलं तो माणूस आता नाही, आणि त्याचा मुलगा पलीकडच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याला जाऊन काय विचारायचं होतं मी?

कार्ड खोलून आतल्या पाटीवरचा नंबर वाचणं हा सरळ उपाय होता. मी तसं म्हणालोही. पण एकदा खोललं की उष्णता बाहेर नेणारे आतले मऊ पॅड फाटतात, ते शहाद्यात मिळत नाहीत, आणि लग्नसराई चालू होती. भाऊ म्हणाले, "पहिले वस्तू येऊ दे, मंग एकदाच खोल." ज्याच्याकडून कार्ड घेतलं त्याला भाऊंनी फोन केला. तो म्हणाला, सगळी सारखीच असतात.

शेवटी माझ्यासमोर दोन ब्लॉक उरले. पहिला दोन्ही पाट्यांना चालणारा. त्याच्याबरोबर पाठीची नवी धातूची पट्टी येत होती, जुनी पट्टी काढून ती लावायची. दुसरा फक्त आधीच्या पाटीला बसणारा, पण त्याला जुनीच पट्टी परत लावता येत होती.

जुनी पट्टी म्हणजे जिच्यावर स्टिकर होतं, आणि बाबांचं बोट.

आज हे लिहिताना उत्तर किती सोपं दिसतं. तेव्हा मी रोज कॉलेजातून आलो की दोन्ही फोटो उघडून बसायचो. परीक्षा जवळ आली होती. डार्करूममध्ये बसून अभ्यास करताना घामाने वहीची पानं हाताला चिकटायची. मनात दोनच गोष्टी फिरत राहायच्या, मशीन चालली नाही तर ही खोली जाणार, आणि पहिला ब्लॉक घेतला तर ती पट्टी निघणार. मग मीच स्वतःला समजावलं की आपलं कार्ड जुनं आहे, म्हणजे पाटी आधीचीच असणार. जुनं म्हणजे वापरलेलं, आधी बनलेलं नव्हे, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला ते तसं हवं होतं.

"हाऊ," मी भाऊंना दुसऱ्याचा फोटो दाखवला.

त्यांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू म्हनस ना? मंग मागाड."

ब्लॉक आला त्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणजे लग्न नव्हतं. भाऊंनी शटर अर्धं खाली ओढलं, उदबत्ती लावली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी कार्ड खोललं. चिपवरचा उष्णता नेणारा जुना लेप वाळून चुलीतल्या राखेसारखा झाला होता. तो पुसला, पॅड सोलले, पाठीची पट्टी काढून बाजूला कागदावर ठेवली. मग ब्लॉक खोक्यातून काढला. तांब्याचं वजन हाताला लगेच कळतं. झाकणातून आतल्या नाल्या फणीच्या दातांसारख्या दिसत होत्या. मला वाटलं, इतकी चांगली वस्तू मी निवडली.

चिपच्या भोवतीची चारही भोकं जुळली. पण ब्लॉक टेकेना. एका टोकाला पाटीवर एक उंच चौकोनी भाग होता, जो फोटोत नव्हता, आणि तांब्याची कड त्याच्यावर चढत होती. बोटाने दाबलं की ब्लॉक एक पाय आखूड असलेल्या पाटासारखा डुगडुगत होता.

"काय व्हयनं?" भाऊ म्हणाले.

"बठत नही."

"जोर लाव मंग."

"जोर लावा त तुटी जाई."

आता पाटी उघडी होती. तिच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत पूर्ण नंबर छापलेला होता, कुंकवाशिवाय. शेवटचं अक्षर नंतरच्या पाटीचं होतं. मी ते दोनदा वाचलं. इंग्रजीची एरवीची सवय.

"दुसरा व्हता ना एक?" भाऊंनी विचारलं. "तो बठता का?"

"बठता. त्याले दोन्ही पाट्या चालतस."

"मंग तो काबरं नही मागाडा?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. "त्यानासंगे मांगली पट्टी नवी येस. जुनी काढनी पडती. जुनीवर बाबानं बोट शे."

दादा, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं, ते आधीच गुंडाळलेली एक वायर पुन्हा गुंडाळू लागले.

भाऊंनी कागदावरून पट्टी उचलली. ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ पाहिली. मला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मले इचारी लेवानं ना भो," ते म्हणाले.

"हा."

"पुसाई जातं त जातं. दसरा दरसाल येस. बाबा काय ह्या पट्टीमा बठेल शेत का?"

पण त्यांनी ती पुसली नाही. जशी होती तशी हळूच परत कागदावर ठेवली.

मी जुना पंखा पुन्हा बसवला. फाटलेले पॅड होते तेच जुळवून लावले. मशीन सुरू झाली आणि पहिल्यापेक्षाही लवकर तापली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी सुरतेला फोन केला. साचलेल्या लग्नांच्या हार्ड डिस्क मी कपड्यात गुंडाळून दिल्या आणि दादा त्या घेऊन सकाळच्या बसने गेले. खोलीबद्दल भाऊ काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माझ्याकडे सामान असं फारसं नव्हतं. एक पेटी, एक गोधडी, पुस्तकं. मी पेटी अर्धी भरली आणि तशीच उघडी ठेवली. पूर्ण भरली तर आपणच निघतोय असं दिसेल, आणि काहीच भरलं नाही तर अचानक सांगितल्यावर गडबड होईल. त्या अर्ध्या पेटीशेजारी बसून मी परीक्षेच्या दोन पेपरांचा अभ्यास केला.

सुरतेहून पहिलं लग्न तयार होऊन आलं. खरं सांगतो, ते फार सुंदर होतं. नवरी हळूहळू मान वळवते, वरून ड्रोनने पूर्ण मांडव दिसतो, रंग असे की आपलं गाव ओळखू येत नाही. मला तसं जमलं नसतं. मी ते शिकायला म्हणून पुन्हा लावून पाहिलं.

नवरीचे मामा ते न्यायला आले, तापीकाठच्या गावातून, डोक्याला पागोटं, हातात पिशवी. म्हणाले, अठेच दखाडा, मंग घरी लई जासू. भाऊंनी स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर लावलं. मामांनी खुर्ची जवळ ओढून पूर्ण पाहिलं. संपल्यावर ते तसेच बसून राहिले.

"आनि मी?" ते म्हणाले.

"काय मामा?"

"मी कोठे शे?"

"मामा, हाई नवी फॅशन शे. थोडामा बसाडतस समदं," भाऊ म्हणाले.

"फॅशन ऱ्हाऊ दे. मी व्हतू का नही लगीनमा?"

"व्हतात ना."

"पितळनं बगुनं दिधं मी. माइकवर नाव पुकारं. मंग दखाड ना माले."

"मामा, तुमनं पागोटं दिसनं ना नाचामा," दादा म्हणाले.

"अर्ध," मामा म्हणाले. "अर्ध पागोटं दिसनं."

ते ओरडले नाहीत. पिशवी घेऊन उठले आणि व्हिडिओ तिथेच ठेवून गेले. नंतर त्याच लग्नातले दुसरे लोक आले, मग दुसऱ्या लग्नातले. कुणाची आत्या दिसत नव्हती, कुणाचा सालदार गडी दिसत नव्हता, ज्याने त्या घरी अर्धं आयुष्य काढलं होतं. सुरतेच्या लोकांनी काही चुकीचं केलं नव्हतं. ते त्यांच्या पद्धतीने चांगलंच करत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की आमच्याकडे माणूस कापत नाहीत.

माझा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी भाऊ डार्करूमच्या दारात आले. पेटीकडे पाहिलं.

"पेटी बांधी का?"

"अर्धी."

"ऱ्हाऊ दे मंग." ते उंबऱ्यावरच बसले. त्यांचाही चेहरा त्या दिवसांत उतरला होता, हे मला तेव्हाच दिसलं. "हाई मशीन काय बी करीसन चालस का?"

मी काही दिवस एक गोष्ट करून पाहत होतो, सांगायचा धीर होत नव्हता. कार्डाला मिळणारी वीज सेटिंगमधून कमी करता येते. मग ते कमी तापतं, पण काम रेंगाळतं. मी ते सांगितलं. "हळू चाली, भाऊ. एक लगीनले आख्खा दिवस लागी."

"लागू दे," ते म्हणाले. "पन मानूस कापू नको."

मी पेटीतून गोधडी परत काढली.

सुरतेहून डिस्क परत आणल्या आणि सगळी लग्नं पुन्हा पहिल्यापासून केली. पागोटंवाल्या मामांच्या भाचीच्या लग्नापासून सुरुवात. त्यांचं बगुनं, म्हणजे ते पितळी पातेलं, त्यांचं नाव, खाली उतरताना त्यांनी सावरलेलं पागोटं, सगळं. मशीन इतकी हळू चालायची की बाजूला बसून निकालाची वाट बघणं आणि फाइलची वाट बघणं एकच वाटायचं. लोक उशिराबद्दल बोलले, पण कमी बोलले.

नवा ब्लॉक भाऊंनीच मागवायला सांगितला. या वेळी त्यांनी फोटो पाहिला, चष्मा लावून. "हाईच ना, दोन्हीले चालनारं?" मी म्हणालो, हो. तो आला तेव्हा पाऊस लागला होता, खोली गार झाली होती आणि लग्नसराई संपली होती. मी एका दुपारी एकटाच तो बसवला. सहज बसला. बॅटरीचं पाणी घातलं, रात्रभर खाली कागद ठेवून थेंब पडतो का पाहिलं. नाही पडला. कार्ड इतकं थंड चालू लागलं की थोडं वाईट वाटलं, कारण आता त्याला करायला एखाददुसरंच लग्न उरलं होतं. न बसलेला तो आधीचा ब्लॉक अजून खोक्यात आहे. तो परत घेतला गेला नाही. भाऊ त्याबद्दल कधी बोलत नाहीत, आणि त्यामुळे मी तो रोज बघतो.

जुनी पट्टी भाऊंनी रुमालात गुंडाळून स्टुडिओतल्या गणपतीच्या फळीवर ठेवली.

ब्लॉक बसवल्यावर ते कुंकवाची वाटी घेऊन आले. दसरा लांब होता. "नवी वस्तू शे," ते म्हणाले.

मी बाजूला झालो. "लावा ना भाऊ."

"तूच लाव. कोठे लावाना ते तुले समजस."

वाटी माझ्या हातात आली. नवी पट्टी काळी होती, एका कडेला बारीक पांढरी अक्षरं. मी वाकून ती वाचली, मग त्या अक्षरांपासून लांबचा कोपरा बघितला आणि अंगठा टेकवला. बाबांनी जरा दाबून धरला होता तसा मीही धरला. बरोबर केलं की नाही ते मला कळलं नाही. भाऊ वाटी घेऊन गेले.

डार्करूमच्या मोरीत अंगठा धुतला. रंग नखाच्या कडेला राहिला. तसाच येऊन बसलो. एका लग्नाचे आहेर अजून लावायचे होते आणि लोक विचारून गेले होते.